डेडस्टॉकमधल्या बाई

हळूबाई हे नाव त्यांना मुलांनी दिलं नाही, मुलांच्या आयांनी दिलं. शिशुवर्ग सुटला की आया फाटकाशी ताटकळत उभ्या असायच्या आणि आत बाई एकेका मुलाला त्याच्या सँडलचा पट्टा त्याच्याच हाताने लावू द्यायच्या. कुणाचा उजवा पाय डाव्या सँडलमध्ये गेला तर बाई शांतपणे विचारायच्या, "कसं वाटतंय?" मूल म्हणायचं, "बरं वाटतंय." मग ते तसंच घरी जायचं. आयांचा जळफळाट व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी मूल आपणहून सँडल नीट घालून यायचं, त्यामुळे भांडायला काही उरायचं नाही.

वर्ग तळमजल्यावर होता. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट खोली आणि मधोमध दोन खांब. धावताना मुलं खांबांवर आदळायची म्हणून बाईंनी त्यांना जुन्या रजया गुंडाळल्या होत्या. नवीन माणसाला वाटायचं, खोलीत दोन लठ्ठ पाहुणे उभे आहेत आणि त्यांना कुणी बसाही म्हणत नाही. खिडकीतून समोरचं केस कापायचं दुकान दिसायचं. शाळेच्या मागच्या कोपऱ्यावर बाईंच्या यजमानांची चाव्या बनवायची टपरी होती. यजमान बाईंच्या अगदी उलट. गिऱ्हाईक कुलूप कसलं ते सांगत असतानाच त्यांची चावी घासून तयार. बऱ्याचदा ती लागायचीही.

एके वर्षी वरच्या कार्यालयाने ठरवलं की कोडिंग आता शिशुवर्गापासून, आणि तेही सगळ्यांसाठी. एकही मूल मागे राहता कामा नये. त्यासाठी शिक्षिकांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा तरुण म्हणाला, "कोडिंग म्हणजे संगणक नव्हे. कोडिंग म्हणजे नीट, क्रमाने सांगणं. यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही. जेवढं सांगाल तेवढंच ते करतं."

"आमच्या ह्यांच्यासारखं," हळूबाई शेजारणीला म्हणाल्या.

पुढे शाळेत खोकं आलं. त्यात जमिनीवर चालणारा भुंग्याच्या आकाराचा एक यंत्रमानव असणार होता. मुलांनी त्याच्या पाठीवरची बटणं दाबायची आणि त्याने सांगाल तिकडे जायचं. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, यांनी कात्री मागवून स्वतः खोकं उघडलं. आत बाणांचे तक्ते होते, ढीगभर चार्जर होते आणि फोममध्ये भुंग्याच्या आकाराचा एक सुरेख खड्डा होता. भुंगा नव्हता.

मोठ्या बाईंनी कार्यालयात फोन लावला.

"यंत्र दिल्याची आमच्याकडे नोंद आहे," पलीकडून उत्तर आलं.

"पण खोक्यात नाही ना."

"नोंद आहे म्हणजे आहे. नीट बघा."

त्यांनी नीट बघितलं. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी खोकं उलटं करून झटकलं. पण खरं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच जागी. मोठ्या बाई फार तत्पर. खोकं उघडायच्या आधीच त्यांनी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेचे पंखे, बाकं, घड्याळं जिथे लिहितात तिथे, 'चालणारे यंत्र, एक नग' असं लिहून टाकलं होतं. त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

"तपासणीला काय दाखवू मी?" मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसल्या.

"काय करतं ते यंत्र?" हळूबाईंनी विचारलं.

"सांगू तिकडे जातं."

"मग मी होते की."

सगळे हसले. हळूबाई हसल्या नाहीत. थट्टा करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

यजमानांनी संध्याकाळच्या आत पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर जुन्या कुलपांच्या खटक्यांची बटणं बसवून दिली. बटण दाबलं की खट्ट असा आवाज यायचा. झाकण दोरीने गळ्यात अडकवून हळूबाई दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाल्या. मोठ्या बाई नंबराची चिठ्ठी आणि डिंक घेऊन दारातच उभ्या होत्या.

"नोंद आहे तर नंबर लावावा लागेल," त्या संकोचून म्हणाल्या. "पाठीवर लावू? खुर्च्यांना पाठीवरच लावतो आपण."

हळूबाई वळून उभ्या राहिल्या.

पहिला दिवस वाया गेला. मुलांनी बटणांना हातसुद्धा लावला नाही, नुसता आरडाओरडा केला. एक म्हणे पुढे, दुसरा म्हणे मागे, आणि हळूबाई दोघांचं ऐकून जागच्या जागी हलत राहिल्या. त्या हलत होत्या तरी त्यांचं लक्ष तीन मुलांकडे होतं.

त्यातला एक होता साहेब. हा अजून बोलत नव्हता. हात पाठीमागे बांधून तो वर्गात फिरायचा आणि भिंतीवरच्या चित्रांकडे बघून मान डोलवायचा, जणू मंजुरी देतोय. दुसरी ड्रायव्हर. ती चाकांच्या खुर्चीत असायची, पण तिच्या मते ती बस होती, आणि तिने घंटी वाजवली की बाकीच्यांनी रांग लावायची असा वर्गाचा रिवाज होता. तिसरी मुलगी प्रत्येक गोष्टीला नको म्हणायची, म्हणून तिचं नावच नको पडलं होतं. आरडाओरडा चालू असताना साहेब खांबाशी उभा होता, बाईंभोवतीच्या गर्दीत ड्रायव्हरची बस शिरत नव्हती, आणि नको सगळ्यांकडे पाठ करून बसली होती.

त्या रात्री जेवताना हळूबाई यजमानांना म्हणाल्या, "बोलावं लागतंय तिथे चुकतंय. बोलणाऱ्यांचंच राज्य होतं."

"मग न बोलता सांगू दे," यजमान म्हणाले आणि ताट बाजूला सारून पितळी पत्रा घेऊन बसले. त्यांनी त्यातून बाण कापले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. सरळ जाण्याचा बाण, वळायचे बाण, थांबायची चौकट, 'पुन्हा पहिल्यापासून' साठी एक कडी. पितळ उठून येईल असं ठेवलं, म्हणजे वर्गात जाड भिंगाचा चष्मा लावणारी एक मुलगी होती, तिलाही ते बोटांनी कळेल.

ही कार्डं जमिनीवर मांडली तर ड्रायव्हरचा हात पोचेना. म्हणून बाईंनी दोन खांबांमध्ये दोरी बांधली, खुर्चीच्या हाताइतक्या उंचीवर, आणि कपड्यांचे चिमटे आणले. कार्डं दोरीला क्रमाने लटकवायची, मग बटण एकदा खट्ट करायचं आणि यंत्राने डावीकडून उजवीकडे वाचत निघायचं. दोघादोघांची जोडी. एकाने कार्डं लावायची, दुसऱ्याने बोट फिरवून तपासायची, मग अदलाबदल. साहेबांनी पहिल्याच खेपेला यंत्राला खेळण्यांच्या कपाटापर्यंत नेलं आणि मान डोलावली. वर्गातल्या दहा तोंडांना त्याच्याकडून काही ऐकून घ्यायची ती पहिलीच वेळ.

राहिली नको. "हे नको," ती दोरीकडे बोट दाखवून म्हणाली.

बाईंनी विचार केला, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे बराच वेळ. मग एक लाल कार्ड कापून तिच्या हातात दिलं. "हे ज्याच्यावर लावशील ते रद्द."

नकोला आयुष्यात प्रथमच कामधंदा मिळाला. ती दोरीसमोर उकिडवी बसायची, बोट फिरवायची, आणि यंत्र जिथे भिंतीवर जाणार तिथे लाल कार्ड लावून म्हणायची, "हा नको." बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

नसायचं तेव्हा बाई भिंतीवर जायच्या. एकदा नाक सुजलं. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका कळवळून म्हणाल्या, "अहो, भिंत दिसते तर थांबावं माणसाने."

"मी आपणहून थांबले तर त्यांना वाटेल, आपण बरोबर सांगितलं होतं," हळूबाई नाकाला ओला रुमाल लावत म्हणाल्या.

अडचण आली ती फाटकावर, तीही अगदी पहिल्याच दिवशी. शाळा सुटल्यावर हळूबाई पिशवी घेऊन निघाल्या तर मामा आडवे आले.

"बाई, पाठीवर नंबर आहे."

"हो, सकाळीच लावलाय."

"नंबराची वस्तू फाटकाबाहेर जात नाही. मागे खुर्ची गेली होती तर माझी चौकशी झाली."

मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मामांचं बरोबर आहे असं सांगितलं. यंत्र बाहेर न्यायला एकच कारण चालत होतं, दुरुस्ती. तेव्हापासून रोज संध्याकाळी यजमान टपरी बंद करून यायचे, 'दुरुस्तीसाठी नेत आहे' असं लिहून सही करायचे आणि बायकोला घरी घेऊन जायचे. सकाळी 'दुरुस्त होऊन आले' असं लिहून परत जमा करायचे.

"आज काय दुरुस्त करायचं?" ते रस्त्यात विचारायचे.

"पाय चेपून द्या," हळूबाई म्हणायच्या.

असे काही महिने गेले आणि तपासनीस आले. गोलमटोल, मवाळ माणूस. नवे बूट चावत असल्यामुळे ते सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. यंत्र बघून ते क्षणभर थबकले. मग त्यांनी पाठीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. नंबर जुळला. 

"वर्गाबाहेर जातं का हे?" त्यांनी मुलांना विचारलं.

"बस बाहेरच जाते," ड्रायव्हर म्हणाली.

वर्गातल्या साहेबांनी कार्डं लावायला घेतली. सरळ, म्हणजे समोर अडथळा येईपर्यंत किंवा रस्ता संपेपर्यंत. मग उजवीकडे वळा. मग पुन्हा पहिल्यापासून, ती कडी. आणि सगळ्यांत शेवटी थांब, म्हणजे समोर येऊन कुणीही ही चौकट दाखवली की यंत्राने थांबायचं. ती थांबची चौकट त्याने दोरीच्या टोकाला लावली. तेवढ्यात नको पुढे झाली आणि तिने थांबवर लाल कार्ड लावलं.

"थांब नको," ती म्हणाली.

बटण खट्ट झालं. हळूबाई दारातून बाहेर पडल्या, मामांच्या समोरून फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्याला लागल्या. शाळेच्या इमारतीच्या चारही बाजूंना रस्ते होते. रस्ता संपला, उजवीकडे. पुन्हा संपला, पुन्हा उजवीकडे. त्या इमारतीला फेऱ्या घालू लागल्या. पुढे हळूबाई, मागे ड्रायव्हर घंटी वाजवत, तिच्यामागे मुलांची रांग, रांगेमागे तपासनीस लंगडत, आणि शेवटी मामा रजिस्टर घेऊन, कारण दुरुस्तीशिवाय यंत्र बाहेर गेलं होतं.

टपरीसमोरून जाताना यजमानांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

हळूबाई बोलल्या नाहीत. पुढच्या फेरीला यजमानांनी विचारलं, "काही चुकलं का माझं?" त्याही वेळी उत्तर नाही. तिसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं की बोलायचं बटण त्यांनी बसवलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. टपरी उघडी टाकून ते बायकोच्या बरोबरीने चालू लागले आणि दिवसभरात काय काय झालं ते तिला सांगत राहिले. लग्नानंतर इतकं सलग बोलायला त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं.

तपासनीसांचे पाय पार सोलले. ते केस कापायच्या दुकानात शिरले आणि दिसेल त्या खुर्चीत बसले. दुकानदाराने सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री चालवायला घेतली.

"बाईंना थांबवा कुणीतरी," तपासनीस आरशात बघत म्हणाले.

"कसं थांबवणार?" दारातून ड्रायव्हर म्हणाली. "थांब रद्द आहे."

ती बस वळवून वर्गात गेली. नको एकटीच दोरीजवळ बसली होती. बाहेर जायलाही तिने नको म्हटलं होतं.

"तुझं लाल कार्ड काढ ना," ड्रायव्हर म्हणाली.

"नको."

"बाई दमल्या. काढ."

"नको."

साहेब मागोमाग आला होता. त्याने ड्रायव्हरकडे बघितलं, मग लाल कार्डाला बोट लावलं आणि ते तिथेच दाबून धरलं, जणू ठेवायचंच आहे. ड्रायव्हर बघत राहिली. तिला उमगायला जरासा वेळ लागला.

"बरं," ती म्हणाली. "लाल कार्ड इथेच ठेवू?"

"नको," नको म्हणाली.

साहेबांनी कार्ड काढलं. कुणावर जबरदस्ती झाली नाही आणि कुणाचा शब्दही मोडला नाही. पण रस्त्यावर फेऱ्या घालणाऱ्या यंत्राला हा बदल कसा कळणार? साहेबांनी दोरीची एक गाठ सोडली. दुसरी नकोने सोडली, का कोण जाणे. मग तिघं ती दोरी, कार्डं आणि चिमट्यांसकट, रस्त्यावर घेऊन आले आणि हळूबाईंच्या वाटेत दोन्ही बाजूंनी ताणून धरली. हळूबाईंनी डावीकडून उजवीकडे सगळी वाचली. शेवटची चौकट बघून त्या थांबल्या, केस कापायच्या दुकानाच्या बरोबर दारात.

"मी कालपासून सांगतोय की वरचा नळ गळतोय," यजमानांचं वाक्य तेवढं पूर्ण झालं.

तपासनीस अर्ध्या कापलेल्या केसांनी बाहेर आले. त्यांनी दोरीकडे, तिन्ही मुलांकडे आणि धापा टाकणाऱ्या हळूबाईंकडे बघितलं. अहवाल त्यांनी तिथेच दुकानाच्या पायरीवर लिहिला. 'सर्व मुलांचा सहभाग आढळला. यंत्र सूचनांचे काटेकोर पालन करते. बॅटरी चांगली आहे.'

अहवाल चांगला म्हणजे पुढे झंझट आलीच. दर वर्षी यंत्राच्या देखभालीसाठी तंत्रज्ञ येऊ लागला. पहिल्या वर्षी तो हत्यारांची पेटी घेऊन वर्गात आला, नंबर बघितला, आणि हळूबाईंना पाय उचलायला सांगितलं. गुडघ्याला कान लावून म्हणाला, "आवाज येतोय. किती दिवसांपासून?"

"झाली काही वर्षं."

"जिन्यावर जास्त?"

"उतरताना," हळूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या गुडघ्यांची चौकशी कुणी केली नव्हती. तंत्रज्ञाने लिहून दिलं की यंत्राला जिने चढायला लावू नयेत आणि मधूनमधून बसवावं. मोठ्या बाईंनी त्याचं तंतोतंत पालन केलं. शिक्षिका म्हणून हळूबाईंनी बसायला खुर्ची मागितली होती तेव्हा अर्ज कुठे गेला ते कळलंच नव्हतं.

नंतर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, मोठ्या बाई रडल्या. हळूबाई फाटकाशी आल्या तर मामा आडवे.

"बाई, शिक्षिका म्हणून तुम्ही मोकळ्या झालात," मामाही रडतच होते. "यंत्र म्हणून नाही."

डेडस्टॉकमधली वस्तू निवृत्त होत नाही. तिचा लिलाव करावा लागतो. तोवर यजमान रोजच्यासारखे दुरुस्तीसाठी त्यांना नेत आणि आणत राहिले. शेवटी लिलावाचा दिवस उजाडला. शाळेच्या अंगणात एक मोडका पंखा, एक कपाट आणि हळूबाई असा एकत्र ढीग मांडला होता. हळूबाईंसाठी स्टूल ठेवलं होतं, तंत्रज्ञाच्या सूचनेप्रमाणे. बोली लावायला तीन माणसं आली होती. एक भंगारवाला, एक यजमान, आणि एका दुसऱ्या शिशुवर्गाच्या तरुण बाई.

"वजन किती भरेल?" भंगारवाल्याने विचारलं.

यजमान तापले आणि त्यांनी मोठी बोली लावली. तरुण बाईंनी घाबरत घाबरत थोडी वाढवली. भंगारवाल्याने पंख्यावर डोळा ठेवून आणखी वाढवली. यजमानांनी वाढवली, मग कुणी काही बोलायच्या आत पुन्हा वाढवली, आणि तिसऱ्यांदाही.

"अहो, तुम्ही स्वतःच्याच बोलीवर बोली लावताय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लावू द्या," यजमान म्हणाले. "कमी पडायला नको."

हळूबाई स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. त्या खाली बघून पदराशी चाळा करू लागल्या, नव्या नवरीसारख्या. पावती झाली, पाठीवरची चिठ्ठी पाणी लावून काढली, आणि मामांनी स्वतः फाटक उघडून धरलं.

तरुण बाई हिरमुसून उभ्या होत्या. त्या यजमानांना म्हणाल्या, "आमच्याकडे खरा भुंगा आहे हो. चालतोही. पण मुलंच जवळ येत नाहीत. तुमचं यंत्र आठवड्यातून एखाद दिवस भाड्याने मिळेल का?"

यजमान पटकन हो म्हणणार होते, पण त्यांनी बायकोकडे बघितलं. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

सगळे हळूबाईंकडे वळले. त्यांनी विचार केला. भंगारवाला कंटाळून निघून गेला, उन्ह अंगणातून भिंतीवर गेलं, तरी त्या विचार करत होत्या. "येईन," शेवटी त्या म्हणाल्या. "पण यंत्र म्हणून नाही. आणि दुपारची झोप मी मोडणार नाही."

आता त्या तिथे जातात. त्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्याकडे कुणी बघितलं की तो रडतो. नुसतं ओझरतं बघितलं तरी. मग हळूबाईंनी सगळ्यांनाच भिंतीकडे तोंड करून बसवलं. मुलं हात मागे करून कार्डं एकमेकांना देतात, टोकाचं मूल ती चाचपून भुंग्याची बटणं दाबतं, भुंगा त्यांच्या पाठीमागे घरघरत फिरतो, आणि तो कुठवर पोचला हे आवाजावरून ओळखायचं. तो मुलगा आवाजात सगळ्यांत तरबेज निघाला. भुंगा कपाटाखाली शिरायच्या आधीच तो भिंतीला सांगतो, "डावीकडे."

परवा एका मुलीचे वडील तिला लवकर न्यायला आले. दारात उभे राहून त्यांनी वर्गभर बसलेल्या पाठी बघितल्या. त्यात तरुण बाईंचीही होती.

"शिक्षा झालीय का सगळ्यांना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही," हळूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "तुम्हीही वळून उभे राहा. आत्ता तुमच्या पायाशी येईल."

वडील वळून उभे राहिले.